‘सक’ भाषा आणि पुस्तकाचे पान : टिम रॉलिन्स व के.ओ.एस. यांच्या कलाकृती

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक छोटा प्रसंग आला आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, उत्तम वाणी लाभलेले दोन भिक्खू भगवंतांकडे येतात आणि तक्रार करतात, की नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक संघात आले असून ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत. तेव्हा आम्ही ते छंदस् मध्ये बसवावे काय? भगवंत त्यांना स्पष्ट नकार देतात, तसे करणे हा दुक्कटाचा दोष ठरवितात आणि बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा देतात. पालीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, की पुढचा सारा वाद या एका ‘सक’ शब्दापाशी येऊन थांबतो. ‘सक’ म्हणजे स्वतःची. पण कोणाच्या स्वतःची? आचार्य बुद्धघोषांनी ‘बुद्धांची स्वतःची’, म्हणजे मागधी, असा अर्थ केला. अनेक आधुनिक अभ्यासकांनी ‘शिकणाऱ्याची स्वतःची’ असा केला. पहिला अर्थ घेतला तर भाषेची मालकी सांगणाऱ्याकडे राहते आणि दुसरा घेतला तर ती ऐकणाऱ्याकडे जाते. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. कारण तक्रार करणाऱ्यांची तक्रारच मुळी नाना जातींच्या लोकांच्या बोलीविषयी होती, आणि उत्तर त्या तक्रारीला दिलेले आहे.

चित्रकलेविषयीच्या लेखाचा आरंभ विनयपिटकाने का, असे वाचकांना वाटेल. कारण असे, की या लेखाचा विषय असलेल्या कलाकृती पाहताना हाच ‘सक’ शब्द माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येऊन उभा राहिला. टिम रॉलिन्स नावाचे एक शाळाशिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण ब्राँक्स भागात १९८० च्या दशकापासून मिळून केलेल्या या कृती आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गटाचे नाव स्वतःच ठेवले होते : ‘किड्स ऑफ सर्व्हायव्हल’, म्हणजे तगून राहिलेली मुले, संक्षेपाने के.ओ.एस. या गटाच्या कार्याचा इतिहास सांगणारा, इयान बेरी यांनी संपादित केलेला ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९६ मध्ये त्यांच्यावर एक माहितीपटही निघाला. या लेखाला आधार आहे तो मुख्यतः या दोहोंचा.

आपल्या वर्तुळात कलेची चर्चा होते तेव्हा ती अजिंठा-वेरूळची होते, बुद्धमूर्तींच्या शैलींची होते, फार तर बाबासाहेबांच्या तैलचित्रांची होते. समकालीन कला म्हटली की आपण थोडे सावध होतो. ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू आहे असे मनात धरून चालतो. हा संशय सर्वस्वी निराधार नाही, आणि त्याच्याकडे मला पुढे परत यायचे आहे. परंतु भाषा कोणाची, ग्रंथ कोणाचा आणि एखादी वस्तू घडविली की घडविणाऱ्याचे काय होते, हे प्रश्न आपलेही आहेत. आणि रॉलिन्स व त्यांचे विद्यार्थी ज्या निश्चयाने त्यांना भिडले तसे उदाहरण विरळा.

दक्षिण ब्राँक्सची त्या काळातील अवस्था ध्यानात घेतल्यावाचून या कृतींचे वजन कळणार नाही. १९७० च्या दशकात तेथे घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या आणि आगींनी गल्ल्याच्या गल्ल्या बेचिराख केल्या. १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी तेथील शार्लट स्ट्रीटला भेट दिली, तेव्हा पडक्या विटांच्या ढिगाऱ्यांमधून चालणाऱ्या अध्यक्षांचे दर्शन साऱ्या देशाला घडले. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिको व अन्य कॅरिबियन देशांतून आलेल्या स्पॅनिशभाषक लोकांची. १९८१ मध्ये तेथील ‘इंटरमीडिएट स्कूल ५२’ या शाळेच्या मुख्याध्यापकांनी रॉलिन्सना बोलावून घेतले. चित्रकला आणि वाचन-लेखन एकत्र शिकविणारा अभ्यासक्रम तयार करावा, असे त्यांचे सांगणे होते. समोर बसणारी मुले कोणती? शाळेने ज्यांच्या नावापुढे ‘शिकण्यास असमर्थ’ किंवा ‘वर्तनाने बिघडलेली’ असा शेरा मारला होता ती.

रॉलिन्स स्वतः गोरे होते. मेन राज्यातील एका लहान गावात १९५५ मध्ये जन्मलेले, कामगार कुटुंबातले. न्यूयॉर्कला कलाशिक्षण घेऊन त्यांनी जोसेफ कोसुथ यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम केले होते. कोसुथ म्हणजे भाषेलाच कलेचे द्रव्य मानणाऱ्या संकल्पनावादी पंथाचे एक अग्रणी. एक खुर्ची, तिचे छायाचित्र आणि शब्दकोशातील ‘खुर्ची’ या शब्दाची व्याख्या शेजारी शेजारी ठेवणारी त्यांची १९६५ ची कृती प्रसिद्ध आहे. हा सारा खेळ सुशिक्षितांचा होता. शब्दकोश ज्याच्या घरात आहे आणि जो तो निर्वेधपणे वाचू शकतो, त्याच्यासाठीच व्याख्या ही गंमतीची वस्तू असते. रॉलिन्स तोच प्रश्न घेऊन अशा वर्गात गेले, जिथे व्याख्या मुलांच्या डोक्यावर शेऱ्यासारखी आधीच मारलेली होती. प्रश्नाचे स्वरूप तिथेच पालटले.

त्यांच्या अध्यापनामागे तीन नावे सांगितली जातात : ब्राझीलचे शिक्षणचिंतक पाउलो फ्रेरे, मार्टिन ल्यूथर किंग आणि जॉन ड्यूई. तिसऱ्या नावापाशी आपल्या वाचकांनी क्षणभर थांबावे. ब्राँक्सच्या दक्षिणेला हार्लेम नदी ओलांडली की मॅनहॅटन. आणि त्या बेटावरच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यूईंचे अध्यापन अनुभवले. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी आपल्या या गुरूंचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. लोकशाही ही केवळ शासनाची पद्धत नसून ती एकत्रित जीवनाची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेच्या परीक्षेसाठी वापरला. त्याच ड्यूईंनी १९३४ मध्ये ‘आर्ट ॲज एक्सपीरिअन्स’ हा ग्रंथ लिहिला. कला ही संग्रहालयातील वस्तूमध्ये नसून काही करणे आणि त्या करण्याचा परिणाम स्वतःवर होऊ देणे या दुहेरी क्रियेत आहे, असे त्यात प्रतिपादन आहे. एकाच गुरूपासून निघालेली एक वाट महाडला आणि नागपूरला पोहोचली, दुसरी पुष्कळ वर्षांनी ब्राँक्समधल्या एका वर्गात. या दोन वाटा एकमेकींना भेटल्या असे माझे म्हणणे नाही. परंतु दोन्हींचा उगम ठाऊक असला म्हणजे रॉलिन्सचा वर्ग आपल्याला फारसा परका वाटत नाही.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. शिक्षक मोठ्याने पुस्तक वाचतो. मुले ऐकतात, आणि ऐकता ऐकता चित्रे काढतात. पुस्तके बालवाङ्मयातली नव्हेत. काफ्का, हॉथॉर्न, फ्लोबेर, ऑर्वेल, राल्फ एलिसन. वाचून झालेल्या भागावर बोलणे होते, वाद होतो, रेखाटनांचे ढीग जमतात आणि त्यांतून सर्वांनी मिळून निवड केली जाते. मग त्या पुस्तकाची पाने सुटी करून मोठ्या कॅनव्हासवर ओळीने, चौकटीला चौकट लावून चिकटवली जातात. छापील अक्षरांची ती राखाडी भिंत तयार झाली की तिच्यावर मुलांनी निवडलेल्या आकृती रंगविल्या जातात. या रीतीचा प्रारंभ एका अपघातातून झाला अशी हकीकत सांगितली जाते : एका विद्यार्थ्याने पुस्तकाच्या पानावरच चित्र काढले, शिक्षक आधी संतापले आणि मग त्यांच्या लक्षात आले की आपण जे शोधत होतो ते हेच.

ही हकीकत वाचताना मला माझी स्वतःची एक चूक आठवली, ती येथे सांगितली पाहिजे. आमच्या विहारात रविवारी मुलांचा पालीचा वर्ग मी घेतो. तिसरण, पंचशील, मंगलसुत्त असा क्रम. काही वर्षांपूर्वी एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या वहीत मंगलसुत्ताच्या ओळींवर, अक्षरे झाकून जातील इतकी दाट, निळ्या पेनाने काढलेली चित्रे मला दिसली. घर, नळ, नळाखाली रांगेत लावलेल्या कळशा, एक म्हातारी. मी त्याला सर्वांसमोर रागावलो. धम्मवचनाचा मान राखता येत नसेल तर वही आणू नकोस, असे बोललो. मुलाने मान खाली घातली आणि पुढच्या रविवारपासून तो आला नाही. मंगलसुत्तात आईवडिलांची सेवा आणि घरच्यांचा सांभाळ यांचा समावेश मंगलांमध्ये आहे, हे मी त्या वर्गाला आदल्याच रविवारी समजावून सांगितले होते. चित्रातली म्हातारी कोण, हे विचारण्याचे मला सुचले नाही. पदव्युत्तर वर्गात असताना माझ्या उच्चारांवरून एका अध्यापकांनी मला वर्गासमोर जे ऐकविले होते, ते मी जन्मभर विसरलो नाही; आणि तेच मी, निराळ्या शब्दांत, एका मुलाला ऐकविले. चुल्लवग्गातल्या त्या दोन सुवाच्य भिक्खूंच्या बाजूला मी नकळत जाऊन बसलो होतो.

के.ओ.एस.च्या कृतींपैकी सर्वाधिक प्रसिद्ध आहे ती ‘अमेरिका’ ही मालिका. १९८४ मध्ये आरंभ होऊन ती पुढे काही वर्षे चालली. आधार काफ्काच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीचा; ती त्याच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत कधीही न गेलेल्या लेखकाने लिहिलेली ही अमेरिका आहे, आणि तिच्यातल्या स्वातंत्र्यदेवतेच्या हातात मशालीऐवजी तलवार आहे. घरातून हाकलून दिलेला कार्ल रॉसमन हा तरुण एकामागून एक दारांवरून परत लावला जातो आणि अखेरच्या प्रकरणात ओक्लाहोमाच्या एका अजब नाट्यगृहाची जाहिरात त्याच्या दृष्टीस पडते : तेथे येईल त्या प्रत्येकाला जागा आहे. प्रवेशापाशी देवदूतांच्या वेषातील स्त्रिया उंच चौथऱ्यांवर उभ्या राहून लांब सोनेरी कर्णे फुंकीत आहेत; प्रत्येकीचा सूर निराळा, कोणाचा कोणाशी मेळ नाही.

रॉलिन्स यांनी मुलांपुढे हेच दृश्य ठेवले आणि ज्याने त्याने आपला कर्णा काढावा असे सांगितले. त्यातून उमटलेले सोनेरी आकार पानांच्या भिंतीवर एकमेकांत गुंतत, वळसे घेत पसरले आहेत. काही प्राण्यांसारखे, काही शरीराच्या आतल्या अवयवांसारखे, काही वाद्य म्हणून ओळखूही न येणारे. दुरून पाहिले तर सोन्याची एक रानवेल. जवळ जावे तर तिच्यामागे काफ्काचे बारीक छापील शब्द. ही केवळ सजावट आहे असा आक्षेप मी वाचला आहे आणि तो मला मान्य नाही. काफ्काच्या प्रकरणात कर्णे बेसूर वाजतात म्हणून ते दृश्य बहुतेक वाचकांना विनोदी किंवा भीतिदायक वाटते. मुलांनी त्या बेसूरपणाचाच आकार केला. प्रत्येकाचा कर्णा निराळा राहिला, तरी चित्र एकच झाले. मूळ ग्रंथात नसलेला एक अर्थ येथे ग्रंथावर चढविला गेला आहे, आणि तो ग्रंथ नीट ऐकल्यावाचून चढविता आला नसता.

याच प्रकरणात आणखी एक तपशील आहे. नाट्यगृहात भरती होताना कार्लला नाव विचारतात, तेव्हा तो आपले खरे नाव न सांगता मागच्या नोकऱ्यांत आपल्याला चिकटलेले नाव सांगतो : ‘निग्रो’. काफ्काने हे का केले यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. दक्षिण ब्राँक्समधल्या वर्गात हे पान मोठ्याने वाचले जात असेल तेव्हा ऐकणाऱ्या मुलांना पंडितांची गरज पडली नसावी. जेथे सर्वांना मुक्तद्वार आहे असे फलकावर लिहिले आहे, तेथेही आत शिरताना दुसऱ्याने दिलेले हीन नाव सांगावे लागते, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे असे श्रोते काफ्काला प्रागमध्ये क्वचितच लाभले असतील.

मात्र मला स्वतःला या गटाची श्रेष्ठ कृती वाटते ती १९८७–८८ च्या सुमाराची ‘द स्कार्लेट लेटर’. नथॅनिएल हॉथॉर्नची ही कादंबरी १८५० ची. विवाहबाह्य संबंधातून मूल झालेल्या हेस्टर प्रिन या स्त्रीला तिचा धर्मनिष्ठ समाज शिक्षा देतो, की तिने आपल्या छातीवर लाल रंगाचे ‘ए’ हे अक्षर आयुष्यभर वागवावे. अक्षर म्हणजे येथे डाग. शिवाय ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो डाग वाचता येतो. परंतु हेस्टर ही भरतकामात निपुण आहे. ती ते अक्षर सोनेरी जरीने, वेलबुट्टीने असे काही भरते की पाहणारे अस्वस्थ होतात. शिक्षा तर ती भोगतेच आहे. पण शिक्षेचे चिन्ह तिने आपल्या हाताने घडविले आहे आणि त्यामुळे ते संपूर्णपणे न्यायाधीशांचे उरलेले नाही.

के.ओ.एस.च्या प्रत्येक सदस्याने आपला ‘ए’ केला. कादंबरीच्या पानांच्या भिंतीवर ते अनेक ‘ए’ लाल आणि सोनेरी रंगांत विखुरले आहेत. जुन्या हस्तलिखितांतील सजविलेल्या आद्याक्षरांची आठवण व्हावी असे. एकही दुसऱ्यासारखा नाही. ज्या मुलांच्या नोंदपत्रावर शाळेने शेरा लिहिला होता त्यांना हॉथॉर्नची कथा समजावून सांगण्यास किती वेळ लागला असेल? फार लागला नसावा. त्यांच्या छातीवरचे अक्षर त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे हे अक्षर शाळेच्या दाखल्यावर असते, हजेरीपटावर असते, शिष्यवृत्तीच्या यादीत असते आणि ते मोठ्याने वाचले जाते तेव्हा वर्गातील किती माना वळतात हे या पृष्ठांच्या बहुतेक वाचकांनी पाहिले आहे. शेरा पुसून टाकणे हा एक मार्ग झाला, आणि तो न्यायाचा मार्ग आहे. शेरा आपल्या हाती घेऊन त्याचे काहीतरी घडविणे हा दुसरा. हा दुसरा मार्ग पहिल्याची जागा घेऊ शकत नाही. हेस्टरची जर शिक्षा रद्द करीत नाही. हॉथॉर्नला हे ठाऊक होते आणि चित्र पाहिल्यावर वाटते की मुलांनाही होते. कारण त्यांच्या लाल रंगात कोठेही उत्सव नाही.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हेस्टरची कला स्त्रीची आहे, सुईदोऱ्याची आहे, आणि के.ओ.एस. हा गट मात्र बहुतांशी मुलग्यांचा होता. मुली थोड्या होत्या. त्या का आल्या नाहीत किंवा का टिकल्या नाहीत, याविषयी या गटाच्या चाहत्यांनी फारसे लिहिलेले नाही. आपल्या विहारांतील वर्गांत याउलट मुलींची संख्या अधिक असते आणि व्यासपीठावर मात्र त्या दिसत नाहीत. म्हणून दुसऱ्याला बोल लावताना मी सावधपणे लावतो.

इतर कृतींविषयी थोडक्यात. ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’वर केलेल्या चित्रांत जगातील राज्यकर्त्यांची डोकी जनावरांच्या धडांवर बसविली आहेत, ती वर्तमानपत्री व्यंगचित्राच्या पलीकडे फारशी जात नाहीत. माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्रावरील कृतीत नावाचीच दोन अक्षरे पानांवर काळ्या रंगात उभी आहेत. मालकाने दिलेले आडनाव टाकून त्या जागी अज्ञाताचे चिन्ह घेणाऱ्या माणसाचे नाव हेच चित्र व्हावे, हे उचित आहे. राल्फ एलिसनच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’वरील कृती याहून सखोल. कादंबरीच्या पानांवर ‘आय’ आणि ‘एम’ ही दोनच प्रचंड आद्याक्षरे. इंग्रजीत ती जोडून वाचली तर ‘मी आहे’ या वाक्याचा आरंभ होतो, आणि सुटी वाचली तर ‘अदृश्य माणूस’. पुसल्या गेलेल्या माणसाच्या नावातूनच त्याच्या असण्याचे विधान निघते. अनत्ताचा सिद्धांत शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ‘मी आहे’ या उद्गारापाशी थबकायला हवे होते. परंतु ज्याचे असणेच नाकारले गेले आहे त्याच्या तोंडचा हा उद्गार आणि ज्याला मानग्राह म्हणतात तो, यांत फरक आहे असे मला वाटते. त्याची चर्चा स्वतंत्र लेखात करण्यासारखी आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा, की ही पाने अखेर वाचता येत नाहीत. रंगाने अक्षरे झाकली जातात. पुस्तक भिंतीला लावलेल्या कागदासारखे होते. ज्या मुलांना वाचनापासून दूर ठेवले गेले त्यांना पुस्तक झाकायला शिकवून काय साधले? हा आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर पद्धतीतच शोधावे लागेल. पान झाकले जाण्यापूर्वी ते ऐकले गेले आहे. आपल्या परंपरेत वचन प्रथम ऐकले गेले, संगायनात एकत्र म्हटले गेले आणि शतकांनंतर लिहिले गेले. लिखित पान हे श्रवणाच्या मागून आले आहे. श्रवण आणि चर्चा झाल्यावर पानाचे जे केले जाते तो त्या वाचनाचा शेष आहे. तथापि प्रेक्षकाला हे श्रवण दिसत नाही. संग्रहालयात उभ्या राहिलेल्या माणसाला केवळ सोनेरी कर्णे दिसतात. या अंगाने आक्षेप अंशतः उभा राहतो.

दुसरा आक्षेप ग्रंथांच्या निवडीचा. पुस्तके निवडणारा शिक्षक. आणि आरंभीची बहुतेक पुस्तके युरोपीय वा गोऱ्या अमेरिकन लेखकांची. मुलांच्या घरची स्पॅनिश या पानांवर कोठे आहे? ‘सक’ शब्दाचा बुद्धघोषकृत अर्थच येथे चालला आहे काय? मला असे दिसते, की रॉलिन्स यांच्या वर्गात भाषा सांगणाऱ्याची राहिली, आकृती मात्र ऐकणाऱ्याची झाली. हे अर्धे ‘सक’ आहे. ते नगण्य नाही. पण ते पूर्ण आहे असे म्हणणे म्हणजे त्या मुलांच्या आयांनी स्वयंपाकघरात बोललेल्या भाषेला पुन्हा एकदा दाराबाहेर उभे करणे होय.

आणि ग्रंथाशी वागण्याच्या रीतींविषयी बोलत आहोत तर आपल्या वाचकाच्या मनात २५ डिसेंबर १९२७ आल्यावाचून राहणार नाही. महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. तेथे तिच्या पानांवर चित्र काढावे असे कोणाच्या मनात आले नाही, आणि येऊ नये हेच योग्य होते. जो ग्रंथ माणसाला ज्ञानाच्या बाहेर ठेवण्याचा आदेश देतो आणि जो ग्रंथ केवळ परिस्थितीमुळे माणसाच्या हाती पडत नाही, या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिल्याशी वाद घातला जातो किंवा त्याला अग्नी दिला जातो. दुसऱ्याचा कबजा घ्यायचा असतो. के.ओ.एस.ने दुसऱ्या जातीचे ग्रंथ निवडले. हा विवेक महत्त्वाचा. कारण अलीकडे आपल्याकडील काही तरुण चित्रकार ‘पानांवर रंगविणे’ ही रीत कोणत्याही ग्रंथाला सरसकट लावू पाहतात आणि तिला विद्रोह म्हणतात.

तिसरा आक्षेप नावाचा, आणि मला तो सर्वांत अधिक बोचतो. कृतींवर स्वाक्षरी असते ‘टिम रॉलिन्स आणि के.ओ.एस.’ अशी. एका व्यक्तीला पूर्ण नाव, इतरांना मिळून तीन अक्षरे. १९८७ मध्ये जर्मनीतील डॉक्युमेंटा आणि १९८८ मध्ये व्हेनिसचे द्वैवार्षिक प्रदर्शन येथे या कृती गेल्या. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि लंडनचे टेट यांच्या संग्रहांत त्या दाखल झाल्या. त्यांना मोठ्या किमती आल्या. विक्रीचा पैसा कार्यशाळेच्या कामी आणि मुलांच्या शिक्षणाकडे जात असे. तरी गोरा शिक्षक आणि त्याच्या नावामागे चालणारी सावळी मुले, हे दृश्य अमेरिकेतील समीक्षकांनाही खटकले. समर्थक सांगतात, की मुले येत-जात असत, म्हणून सामुदायिक नावच न्याय्य. मला हे पटत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या सामि नावाच्या सुताराचे, वेणुवासाच्या पुत्राचे नाव कोरलेले आहे. त्याने केलेल्या दाराच्या कामाची ती नोंद आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपण हे कोरीव काम केल्याचे लिहून ठेवले आहे. त्यांनी व्यक्तिशः नावे दिली नाहीत, पण आपला व्यवसाय व आपले गाव सांगितले. तेथे राजाचे नाव आहे म्हणून सुताराचे नाव गाळले गेले नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जे दगडात शक्य झाले ते कॅनव्हासच्या मागच्या बाजूला अशक्य नव्हते.

तरीही या गटाच्या एकत्र राहण्यात काही खरे होते, हे मान्य केले पाहिजे. १९९३ मध्ये त्यांच्यातील पंधरा वर्षांच्या एका मुलाची ब्राँक्समध्ये गोळ्या घालून हत्या झाली. ‘तगून राहिलेली मुले’ हे नाव धारण करणाऱ्या गटावर हा घाव होता. गट फुटला नाही. आरंभीच्या मुलांपैकी काही पुढे कलाशाळांत शिकले, काहींनी स्वतः शिकविण्यास प्रारंभ केला.

टिम रॉलिन्स २०१७ च्या डिसेंबरात, वयाच्या ६२ व्या वर्षी मृत्यू पावले. त्यानंतर गटातील चार जुने सदस्य, एंजल आब्रेयू, होर्हे आब्रेयू, रॉबर्ट ब्रांच आणि रिकार्डो साव्हिन्योन, यांनी काम पुढे चालविले. शाळकरी वयात जे त्या वर्गात येऊन बसले होते ते आता प्रौढ आहेत आणि ठिकठिकाणच्या मुलांना घेऊन तशाच कार्यशाळा भरवितात. पुस्तक मोठ्याने वाचले जाते, पेन्सिली चालू राहतात. कृतींवर आता ‘स्टुडिओ के.ओ.एस.’ असे नाव असते. त्यात रॉलिन्स यांचे नाव नाही, आणि या चौघांचेही नाही.